आजीला निबंधात कसं बसवावं

तुम्ही पाठवलेला एमबीएच्या अर्जाचा निबंध वाचला. फारच खरा झालाय. असं चालत नाही.

‘हिंजवडीत पाच वर्षं बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळतोय, पगार वाढायचा थांबलाय, बरोबरचे दोघं एमबीएला अमेरिकेत गेले, म्हणून मलाही जावंसं वाटतं’ हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळे झालात. घरी चहा पिताना ठीक आहे. पण भारतीय, पुरुष, इंजिनिअर आणि वर आयटीतला, एवढी चार विशेषणं एका माणसात जमली की त्याच्यासारख्यांची रांग थेट वाकडच्या पुलापर्यंत जाते. त्या रांगेत उभं राहून ‘मी पण’ म्हणणाऱ्याला ॲडकॉम, म्हणजे प्रवेश समिती, डिंग (नापास) करणार नाही तर काय आरती ओवाळणार?

जीमॅट या प्रवेशपरीक्षेचा आधार होता, तोही गेला. नव्या परीक्षेत गुण 205 ते 805, आणि शेवटचा आकडा कायम 5. तुमचे 695 जुन्या मापाने सातशेच्या बरेच वर गेले असते. पण काकूंना ते कोण समजावणार? त्या अजून ‘पाचासाठी सातशे हुकले’ म्हणून हळहळताहेत. तेव्हा उरला निबंध.

आता प्रश्न बघा. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं विचारतं: तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? तुकोबांना याचं उत्तर द्यायला साडेचार हजारांच्या आसपास अभंग लागले. तुम्हाला साडेसहाशे शब्द आहेत, आणि गणपतीच्या धामधुमीत आर वनची, म्हणजे अर्जांच्या पहिल्या फेरीची, मुदत. हार्वर्डने 2024 मध्ये मोठा निबंध मोडून तीन छोटे केले. त्यातला एक कुतूहलाचा: तुम्ही कुतूहल कसं दाखवलंत आणि त्याने तुमची वाढ कशी झाली, 250 शब्दांत. शेजारच्या टीममधल्या पोराचं पॅकेज किती, याबद्दलचं तुमचं कुतूहल मला ठाऊक आहे. ते लिहू नका.

सगळ्यात आधी आजी. तुम्ही तिला एका ओळीत उरकलंत: ‘आजी आमच्याकडेच असते, मी उशिरा आलो तरी थालीपीठ गरम करून देते.’ अहो, घरात एवढं भांडवल पडलंय आणि तुम्ही थालीपीठ खाताय! आजीने पापड लाटले पाहिजेत. हौसेने नव्हे, परिस्थितीने. तिच्याभोवती गल्लीतल्या दहा-बारा बायका बसवा. हिशेबाची एक जुनी वही द्या, कडा झिजलेली. तुम्ही बारा वर्षांचे असताना ती वही बघून तुमच्या मनात पुरवठा साखळीविषयी काहीतरी हललं पाहिजे. मग तुम्ही एक्सेलचा तक्ता केलात आणि विक्री 40 टक्क्यांनी वाढली. चाळीसच. पन्नास म्हटलं तर थाप वाटते, सदतीस म्हटलं तर मुलाखतीत हिशेब मागतात. चाळीस कसा सोज्वळ आकडा आहे. आजी ठणठणीत आहे ही थोडी अडचण आहे, पण निदान मोतीबिंदू तरी असू द्या.

शनिवार-रविवार वस्तीतल्या मुलांना शिकवता हेही घाला. गेलात दोनदा, फोटो आहेत, पुरे.

पुढे ध्येय. दोन वर्षांचा सगळा खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो, कर्जासाठी कोथरूडचा फ्लॅट तारण पडणार, म्हणून तुम्हाला मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत नोकरी हवीय. बाबांच्या झोपेचा प्रश्न आहे, मान्य. पण कागदावर ही नोकरी फक्त ‘अल्पकालीन ध्येय’ असते. दीर्घकालीन ध्येय म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांसाठी काहीतरी मंच. विदर्भात तुम्ही एकदाच गेलात, मित्राच्या लग्नाला, हे सांगायची गरज नाही. आणि ‘शिकून मायदेशी परतणार’ हे वाक्य बिनधास्त ठेवा. एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर नाही लागला की ते आपोआप खरं होतं.

शिफारसपत्राची काळजी तुमच्या साहेबांनी मिटवलीच आहे: ‘तूच लिहून पाठव, मी अपलोड करतो.’ त्यात एक प्रश्न असतो. अर्जदाराला तुम्ही दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, आणि त्याने ती कशी घेतली? म्हणजे साहेबांच्या अंगात शिरून तुम्ही स्वतःला दोष द्यायचा, मग स्वतःच्या अंगात परत येऊन तो नम्रपणे स्वीकारायचा, आणि पुन्हा साहेब होऊन भारावून जायचं. आपल्याकडे एवढं काम एकटा बहुरूपीच करतो. दोष म्हणून ‘फार काम करतो’ तेवढं लिहू नका. मी ज्यांचे ज्यांचे वाचले ते सगळे फार काम करतात.

राहता राहिलं अपयश. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की रिलीजच्या रात्री दोन वाजता तुम्ही चुकीची स्क्रिप्ट चालवलीत, बँकेचे व्यवहार चाळीस मिनिटं अडकले, आणि सकाळच्या मेलमध्ये तुम्ही नव्याने लागलेल्या पोराचं नाव टाकलंत. मग आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये तो पुढे बसला की तुम्ही मागे जाऊन बसायचात. अख्ख्या निबंधात मी इथेच थांबलो. परत वाचलं. उठून पाणी प्यायलो.

ते काढा. त्या जागी असं अपयश हवं ज्यात चूक परिस्थितीची असते, शहाणपण तुम्हाला येतं आणि शेवटी क्लायंट टाळ्या वाजवतो. पोराचं नाव घ्यायचंच असेल तर ‘मी एका कनिष्ठ सहकाऱ्याला घडवलं’ या ओळीत बसतंय. पाच शब्द वाचतात, शिवाय.

एवढं झालं की निबंध कुणा जाणकाराला दाखवा, तो त्यातले उरलेसुरले ‘तुम्ही’ काढून टाकेल. मग सबमिटचं बटण दाबायच्या आधी, शकुन म्हणून, एकदा आजीला वाचून दाखवा. इंग्रजी तिला कळणार नाही, मराठीत सांगत जा. पापड येतील, वही येईल, मोतीबिंदू येईल. थालीपिठाचं पीठ तसंच हाताला ठेवून ती शेवटपर्यंत ऐकेल, मनगटाने डोळे पुसेल आणि विचारेल, “बिचारी! कुणाची रे आजी?”