कायमचा रहिवासी आणि बिडाचा तवा

परवा पहाटे अडीचला मुंबईत उतरलो आणि पट्ट्यावरून माझी बॅग आली ती पोटावर कस्टम्सवाल्यांची खडूची फुली घेऊन, म्हणजे उघडून तपासायची खूण. चुकलेल्या गणितावर मास्तर मारायचे तशी. ग्रीन कार्ड झाल्यानंतरची ही पहिलीच खेप. इमिग्रेशनला दोन मिनिटांत सुटलो होतो, आता ग्रीन चॅनलमधून, म्हणजे कस्टम्सला दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेनं, ऐटीत बाहेर पडायचं असे मांडे मनात खात होतो. फुलीवाल्यांना ग्रीन चॅनल नाही. बाजूला व्हा, रांगेत थांबा.

पुढे गिरगावच्या एक काकू. न्यूजर्सीहून, लेकीचं बाळंतपण उरकून. त्यांच्या दोन बॅगांवर मिळून तीन फुल्या, पण चेहरा हळदीकुंकवाला आल्यासारखा.

"तुम्ही तिकडे व्हिसावर का?"

"नाही, ग्रीन कार्ड झालं. म्हणजे तिथला कायमचा रहिवासी."

"बघू."

कुणीतरी मागावं म्हणून मी तीन महिने थांबलोच होतो, खोटं कशाला बोलू? काकूंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला.

"अहो, यावर तर तारीख आहे!"

"ती कार्डाची मुदत. दहा वर्षं. मग नवीन काढायचं."

"कायमचं, आणि दहा वर्षं?" काकूंनी कार्ड उलटंपालटं केलं. "आमची पागडीची खोली आहे. आजेसासऱ्यांनी घेतलेली. तीन मालक बदलले, आम्ही तिथेच. तारीखबिरीख काही नाही."

मी जरा घुश्शातच सांगितलं, की मुदत कार्डाची असते, हक्काची नाही. फक्त सलग वर्षभराहून जास्त बाहेर राहायचं तर आधी परवानगी काढावी लागते, नाहीतर पंचाईत.

काकूंचा चेहरा उजळला. "म्हणजे खोली बंद ठेवल्यासारखंच की! आमच्याकडे सहा महिने हो. सहा महिने कुलूप दिसलं की मालक कोर्टात. म्हणून तर मी पाच महिने वीस दिवसांत परतले. शिवाय पुतण्याला रोज झोपायला पाठवत होते. लाइटबिल दिसायला हवं, म्हणून पंखा फुल." मग आवाज खाली आणून, "तुम्ही तिकडे कुणाला झोपायला ठेवलंय ना?"

बारा वर्षं रांगेत काढली. वकिलाची फी, बोटांचे ठसे, डॉक्टरी तपासणी, बायकोची दोनदा हुकलेली दिवाळी. आणि हाती काय, तर भाडेकरूपण. राग काकूंचा नव्हता, त्यांचं म्हणणं चपखल बसलं याचा होता. तिकडचा अधिकारी विचारतो, किती दिवस बाहेर होतात? इकडे सोसायटीचा वॉचमनसुद्धा विचारतो, किती दिवस आहात? साडीच्या दुकानात नुसतं उभं राहिलेल्या नवऱ्यासारखी अवस्था.

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. "इसमें गोल गोल क्या है?"

"तवा."

"तवा?"

"बिडाचा. मावशीनं मागवलाय."

साहेब मराठीवर आले. "अमेरिकेतून तवा आणलात?"

"अहो, भुलेश्वरला ढिगानं मिळतात!" काकू.

"तेच म्हणतो मी," साहेब.

बॅग उघडली. माझे बनियन, बदामाची पाकिटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या असा सगळा संसार टेबलावर मांडला गेला. साहेबांनी तवा दोन्ही हातांनी उचलला, बोटानं वाजवला, कडेला नखानं खरवडला. सोन्याला काळा रंग देऊन आणतात म्हणे.

"पुरुषांना बिनकराचे दागिने वीसच ग्रॅम हं," काकूंनी मला समजावलं. "बायकांना चाळीस. आणि तेसुद्धा वर्षभराहून जास्त बाहेर राहिलात तरच. माझ्या पाटल्या इथल्याच आहेत, जाताना सर्टिफिकेट करून घेतलं होतं."

तवा साडेतीन किलोचा. तो सोन्याचा असता तर मी मधल्या सीटवर सोळा तास गुडघे दुमडून कशाला आलो असतो? पण हे बोललो नाही. फुली पडलेला माणूस विनोद करत नाही. दोघांचं तोवर नव्या तव्यावर आधी कांदा फिरवावा की मिठाचं पाणी उकळावं, यावर चाललं होतं. साहेब कांद्याच्या बाजूचे निघाले.

"जा काकू तुम्ही," ते म्हणाले. तीन फुल्या, एक चेन उघडली नाही. मी मात्र बॅगेवर बसून झाकण लावत होतो.

सकाळी मावशीनं तवा उचलला आणि लगेच ओट्यावर ठेवला. "मनगट दुखतं रे माझं. जाताना घेऊन जा."