राजीनामा पडून आहे

माझ्या वडिलांनी त्यांच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवपदाचा राजीनामा दिला, त्याला आता दीड वर्ष होईल. तो मंजूर झालेला नाही आणि नामंजूरही झालेला नाही. सभेत विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "काका, तुमच्याशिवाय कोण बघणार हे सगळं?" आणि लगेच पुढचा विषय येतो. धनादेशांवर सही अजून त्यांचीच आणि दप्तराचं कपाटही आमच्याच घरात. परवा फोनवर म्हणाले, "अरे, मी राजीनामा दिलाय. त्यांना वाटतंय मी रुसलोय."

ते वाक्य ऐकल्यापासून अस्वस्थ आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेचं चिटणीसपद मी गेली काही वर्षं सांभाळतो, त्यामुळे इथे राजीनाम्याचं काय होतं ते जवळून पाहतो.

इथल्या असंख्य संस्थांचं सभेचं कामकाज 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' या नियमपुस्तकाप्रमाणे चालतं. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकी लष्करातले अभियंता. 1863 मध्ये एका सभेचं अध्यक्षपद त्यांच्यावर येऊन पडलं आणि सभा हाताबाहेर गेली. तो अनुभव मनात ठेवून त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास केला आणि 1876 मध्ये पुस्तक काढलं. 2020 मध्ये त्याची 12वी आवृत्ती आली. या पुस्तकाच्या लेखी राजीनामा ही जबाबदारीतून मोकळं करण्याची विनंती आहे. ती लेखी करायची, आणि ज्याला नेमणुकीचा अधिकार त्यालाच ती मंजूर करण्याचा अधिकार. राजीनामा स्वीकारावा का, हा प्रश्न अध्यक्ष सभेपुढे ठेवतात आणि त्यावर चर्चा करता येते. प्रश्न सभेपुढे येईपर्यंत राजीनामा आपणहून मागे घेता येतो. त्यानंतर मात्र सभेची परवानगी लागते.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम पुढे आहे. राजीनामा दिला म्हणून काम तिथेच टाकून जायचं नाही. तो मंजूर होईपर्यंत, किंवा निदान मंजूर करायला संस्थेला पुरेसा अवधी मिळेपर्यंत, काम सांभाळायचं. "पुरेसा अवधी" या शब्दांत दोन्ही बाजू बांधल्या जातात. माणूस संस्थेला वाऱ्यावर सोडू शकत नाही आणि संस्थाही कागद दाबून ठेवून माणसाला अडकवू शकत नाही.

आमच्या खजिनदारबाईंनी पद सोडलं तेव्हा त्यांचं पत्र मीच वाचून दाखवलं. अध्यक्षांनी आदल्या दिवशी त्यांना फोन करून विचारलं होतं, कुणाशी काही बिनसलंय का? तसं काही नव्हतं, आईचं आजारपण होतं. सभेत ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, आभाराचा ठराव झाला. सगळं मिळून पाच मिनिटं. मग त्यांनी पायाशी ठेवलेलं खोकं टेबलावर ठेवलं. त्यात वर्षवार बांधलेल्या पावत्या, संस्थेचा शिक्का आणि पाकिटात दोन किल्ल्या होत्या. "थांबा हो" असं कुणीच म्हटलं नाही, हे मला फार कोरडं वाटलं. बाहेर पडताना तसं बोललो, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं कुणी आग्रह केला नाही. केला असता तर मी थांबले असते."

आपल्याकडे तो आग्रह झाला नाही तर अपमान वाटतो. 2 मे 2023 रोजी शरद पवारांनी राष्ट्रवादीचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. 5 मे रोजी पक्षाच्या समितीने ठराव करून तो निर्णय फेटाळला आणि त्याच दिवशी पवारांनी तो मागे घेतला. त्यामागच्या राजकारणात मी शिरत नाही. पण त्या तीन दिवसांत घरोघरी ज्या चर्चा झाल्या, त्यांत राजीनामा फेटाळणं हाच सन्मान, हे जवळजवळ सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर 2022 मध्ये, अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत याची दुसरी बाजू दिसली. ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. उमेदवारी अर्जाची मुदत संपत आली तरी त्यांचा राजीनामा मंजूर होत नव्हता. अखेर उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की उद्या सकाळी 11 वाजेपर्यंत मंजुरीचं पत्र द्या.

मंजुरीची पायरीच काढून टाका, असं मी म्हणणार नाही. 1974 मध्ये गुजरातेत आमदारांकडून दडपणाखाली राजीनामे घेतले गेले, तेव्हा 33वी घटनादुरुस्ती झाली. राजीनामा स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे, याची खात्री करण्याची जबाबदारी सभागृहाच्या अध्यक्षांवर आली. ती हवीच. सोसायटीतही कुणी कुणाला धमकावून पत्र लिहून घेऊ शकतं. पण खात्री करायला एक भेट पुरते, दीड वर्ष लागत नाही. आणि मनधरणीही मला वाईट वाटत नाही. काही माणसं पत्र लिहितात ती कुणीतरी आपलं ऐकून घ्यावं म्हणूनच. त्यांच्यासाठी जागा आहे, ती प्रश्न सभेपुढे येण्याआधी. आमच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी केलेला फोन हाच होता. एकदा मनापासून विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि ते खरं मानायचं. वडिलांचं उत्तर त्यांच्या समितीने खरं मानलेलंच नाही. ते 75 वर्षांचे आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, जमाखर्चाचे आकडे आईकडून वाचून घेतात. आणि तरी त्यांना गोड बोलून बसवून ठेवणं याला मी प्रेम म्हणू शकत नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसून नवं पत्र लिहिलं. त्यात कारण एका ओळीत आहे आणि शेवटची तारीख ठळक. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अनुमोदन देऊन मताला टाकावा आणि निर्णय इतिवृत्तात नोंदवावा, असंही लिहिलंय. सोबत दप्तराची यादी जोडली. वडील एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरत होते आणि मी टिपून घेत होतो. इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, चेकबुक, लिफ्टच्या दुरुस्तीचा करार. शेवटी त्यांनी जानव्यातून कपाटाची किल्ली सोडवली आणि म्हणाले, "हीपण लिही."