ठिबक द्या, पण मीटरचं काय?

गावाकडे फोन केला आणि शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानावर पडतं. माझा मावसभाऊ नेवाशाच्या बाजूला ऊस आणि सोयाबीन करतो. तो म्हणतो, "ताई, तुमच्याकडचं तंत्रज्ञान एकदा इकडं आलं ना, की पाण्याचा प्रश्नच मिटला." तुमच्याकडचं म्हणजे अमेरिकेतलं, त्यातही मी राहते त्या नेब्रास्कातलं. हे तो एकटाच म्हणत नाही. अभ्यासदौऱ्यावर येणारे पुढारी, वर्तमानपत्रांतले अग्रलेख, कृषी प्रदर्शनांतली भाषणं, सगळीकडे सूर हाच असतो: पाणी आणि अन्न यांचं उत्तर परदेशातल्या विद्यापीठांत तयार पडलं आहे, ते फक्त उचलून आणायचं बाकी आहे.

इथं राहून मला उलटं वाटायला लागलं आहे. उचलून आणण्यासारखं काहीतरी इथं नक्की आहे. ते यंत्र मात्र नव्हे.

आधी यंत्राचंच बोलू. नेब्रास्कावरून विमानानं जाताना खाली जी प्रचंड हिरवी वर्तुळं दिसतात, ती सेंटर पिव्हटची, म्हणजे मध्यबिंदूभोवती फिरत पिकावर पाणी फवारणाऱ्या लांबलचक नळाची. फ्रँक झायबाकनं या यंत्राचं पेटंट १९५२ मध्ये मिळवलं, पुढे रॉबर्ट डॉहर्टीनं हक्क घेऊन त्याचा मोठा उद्योग उभा केला. आज या राज्यात ऐंशी-नव्वद लाख एकर ओलिताखाली आहे, अमेरिकेत सर्वांत जास्त. त्याच डॉहर्टींच्या प्रतिष्ठाननं ५ कोटी डॉलरची देणगी दिली आणि २०१० मध्ये नेब्रास्का विद्यापीठात पाणी आणि अन्नसुरक्षेवर जगभर काम करणारी संस्था सुरू झाली. ज्या यंत्रानं भूगर्भातलं पाणी भराभर वर काढलं, त्याच यंत्राच्या पैशातून ते कसं जपावं याचा अभ्यास चालतो. यात मला ढोंग दिसत नाही, पण गंमत जरूर वाटते.

आता शेजारच्या कॅन्सस राज्यातला एक अभ्यास. लिसा फायफर आणि सिंथिया लिन या दोन अर्थतज्ज्ञांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कॅन्ससनं शेतकऱ्यांना अनुदान देऊन जुन्या पिव्हटऐवजी खाली लोंबणारी, पाणी पिकाजवळ सोडणारी नोझल बसवायला लावली होती. पाणी वाऱ्यावर उडणार नाही, बाष्पीभवन घटेल, म्हणजे उपसा कमी होईल, असा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात उपसा वाढला. शेतकरी जास्त पाण्याच्या पिकांकडे वळले, आधी कोरडे ठेवलेले तुकडेही भिजवू लागले. शेतकऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच पाण्यात जास्त उत्पन्न निघायला लागलं तर कोण थांबेल? शिवाय आधी जे पाणी 'वाया' जात होतं, त्यातलं बरंचसं झिरपून पुन्हा भूगर्भातच पोचत होतं. तेही आता पिकानं पिऊन टाकलं. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ग्राफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा जगभरच्या सिंचनाबद्दल मांडला: उपशावर मर्यादा नसेल तर शेतातली कार्यक्षमता वाढवून नदी-भूजलात पाणी उरत नाही.

हे वाचताना मला २०१७ आठवतं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं उसाला टप्प्याटप्प्यानं ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला, तेव्हा पर्यावरणवाद्यांपासून कारखानदारांपर्यंत सगळे एकदम खूश झाले. असं एकमत आपल्याकडे दुर्मीळ, आणि म्हणूनच संशयास्पद. ठिबक वाईट नाही. खत वाचतं, तण कमी उगवतं, टनेज वाढतं, रात्री दारं धरायला जावं लागत नाही. पण वाचलेल्या पाण्याचं काय होतं हे गावातल्या कुणालाही विचारा. शेजारच्या एकरात आणखी ऊस लागतो. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त अनुदानाच्या अर्जात तसा रकाना नसतो.

माझ्या मते खरी गोम पुढे आहे. कॅन्ससमधला तो अभ्यास मुळात करता का आला? कारण तिथं सिंचनाच्या विहिरींना मीटर आहेत आणि किती पाणी उपसलं याचा अहवाल दरवर्षी राज्याला द्यावा लागतो. विहीरवार, वर्षवार आकडे हाताशी होते. हाच अभ्यास राहुरीच्या किंवा अकोल्याच्या प्राध्यापकाला करायचा असता तर त्याच्याकडे काय असतं? आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते, आणि ते काम चांगलं आहे. पण ती पातळी झाली, उपसा नव्हे. कोणत्या विहिरीतून किती पाणी निघालं, ते कुठेच नोंदलेलं नसतं. विजेच्या युनिटवरून अंदाज बांधावा, तर वर्षानुवर्षं असंख्य पंपांचं बिल हॉर्सपॉवरवर आलं, आणि २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीजच मोफत. मोफत वीज हवी की नको हा वेगळा वाद आहे. मोजणीचा उरलासुरला धागाही त्यात हातचा गेला, एवढंच माझं म्हणणं.

मग संशोधनाचं काय होतं? आपली चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. त्यांचा नमुना इथलाच होता. १८६२ च्या कायद्यानं अमेरिकेत राज्याराज्यांत जमिनी देऊन विद्यापीठं काढली, १८८७ मध्ये त्यांना संशोधन केंद्रं जोडली, १९१४ मध्ये विस्तारकार्य, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्याचं काम. हा घाट भारतात पहिल्यांदा १९६० मध्ये पंतनगरला आला. येताना शिक्षण आणि संशोधन नीट आलं. गावपातळीवरचं विस्ताराचं मनुष्यबळ मात्र राज्याच्या कृषी विभागाकडेच राहिलं. त्यामुळे विद्यापीठ चारही विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्कोमध्ये शिफारशी मंजूर करतं, त्या पुस्तिकेत छापून येतात, आणि पुढे त्या कुणी घ्यायच्या हे कुणाच्याच कामात बसत नाही. वाणांचं तसं होत नाही. भगवा डाळिंब घ्या, फुले संगम सोयाबीन घ्या. बियाणं आणि रोपं स्वतःच्या पायांनी शेतात पोचतात. पाण्याच्या शिफारशीला पाय नसतात.

राहुरीच्या विद्यापीठानं पिकाला कधी आणि किती पाणी द्यायचं हे सांगणारं मोबाइल अ‍ॅप केलं आहे, 'फुले इरिगेशन शेड्युलर'. मी ते भावाला सांगितलं. तो हसला. "अ‍ॅप सांगतंय मंगळवारी पाणी द्या. आवर्तन सुटणार पुढल्या पंधरवड्यात. विहिरीवर द्यावं तर लाइट रात्रीची. मग मी ऐकू कुणाचं?" आणि हाताशी पाणी आहे तोवर भरून घ्यावं, हे त्याचं शहाणपण अगदी बरोबर आहे. अ‍ॅपचं गणितही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असून पाणी मात्र तसंच जातं.

नेब्रास्कात जे वेगळं आहे ते इथं. १९७२ पासून या राज्यात नदीखोऱ्यांच्या सीमेनुसार आखलेले नैसर्गिक संसाधन जिल्हे आहेत, सध्या तेवीस. त्यांची मंडळं स्थानिक मतदार निवडून देतात. त्यांना मालमत्तेवर कर बसवता येतो, नव्या विहिरी थांबवता येतात, मीटर सक्तीचे करता येतात, एकरी इतके इंच पाणी असा कोटा ठरवता येतो. (एक एकर-इंच म्हणजे साधारण एक लाख लिटर.) विद्यापीठाचा विस्तार अधिकारी अशा मंडळाकडे आकडे घेऊन जातो, तेव्हा समोर बसलेल्यांच्या हातात निर्णय असतो. त्या बैठकांत भांडणं होतात, निवडणुकीत माणसं पडतात. पण संशोधन कुणाच्या तरी पुढ्यात जाऊन पडतं.

शिकवण्याची तऱ्हाही मला आवडली. नॉर्थ प्लॅट इथल्या संशोधन केंद्रात २०१७ पासून विद्यापीठ शेतकऱ्यांची स्पर्धा घेतं. एकाच पिव्हटखाली प्रत्येक गटाला प्लॉट, आणि कोणतं बियाणं, किती नत्र, कधी पाणी, माल कधी विकायचा, हे सगळं गटानं ठरवायचं. हंगामाअखेर कुणाला नफा जास्त झाला आणि कुणी पाणी-नत्र काटकसरीनं वापरलं ते सगळ्यांसमोर मांडतात. जास्त पाणी देणारा जिंकेलच असं नाही, हे व्याख्यानानं पटत नाही, शेजाऱ्याचा हिशेब बघून पटतं. आपल्याकडे अकोल्याला शिवारफेरी भरते, उत्साह मोठा असतो. पण तिथं शेतकरी पाहुणा असतो. त्याला चार गुंठे देऊन 'आता तू ठरव' म्हणायला काय हरकत आहे?

हे सगळं लिहिताना इथलं नंदनवन रंगवायचा मोह आवरायला हवा, कारण ते नंदनवन नाही. मक्याच्या पट्ट्यात इतकं नत्र ओतलं गेलं आहे की अनेक खासगी विहिरींत नायट्रेट (नत्र म्हणून मोजलं तर) लिटरला १० मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलं आहे, आणि लहान मुलांच्या कर्करोगाशी त्याचा काही संबंध आहे का, हे इथलेच संशोधक तपासत आहेत. 'जगाचं पोट भरतो' अशी भाषा सतत कानावर येते. अमेरिकेतल्या मक्याचा मोठा हिस्सा इथेनॉलच्या टाकीत जातो, उरलेल्यातला बराच जनावरांच्या दावणीत. (इथेनॉलच्या उसावर तावातावानं बोलणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं, दोन्ही बाजूंच्या.) आणि दक्षिणेकडे टेक्सासमध्ये, जिथं जमीनमालक बराच काळ हवं तितकं उपसू शकत होता, तिथं ओगालालाची, म्हणजे नेब्रास्काखालूनही पसरलेल्या याच भूजलसाठ्याची पातळी भयंकर खाली गेली आहे. चांगली विद्यापीठं टेक्सासमध्येही आहेत.

नेब्रास्कानंही शहाणपण स्वखुशीनं स्वीकारलेलं नाही. रिपब्लिकन नदीच्या पाण्याचा कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस यांच्यात १९४३ मध्ये करार झाला. नेब्रास्कातल्या विहिरींनी नदीचं पाणी आटतं, अशी तक्रार कॅन्सस करत राहिलं. २००२ च्या तडजोडीनंतर तिन्ही राज्यांनी मिळून भूजलाचं एकच प्रारूप (हिशेबाचं मॉडेल) तयार केलं, म्हणजे आकड्यांवर तरी भांडण नको. तरी नेब्रास्कानं जास्त पाणी वापरलंच, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला ५५ लाख डॉलर भरायला लावले. जायकवाडीसाठी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा आपला दर टंचाईतला वाद मी याच्या शेजारी ठेवून बघते. आपली चर्चा धरणांतल्या साठ्यावर चालते. वरच्या आणि खालच्या, दोन्हीकडच्या विहिरी-बोअरच्या उपशाचं नाव क्वचितच निघतं. कसं निघणार? आकडाच नाही.

"तुमच्या हजार एकरवाल्यांना परवडतं," असं भाऊ म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. इथं सरासरी शेत हजार एकरांच्या आसपास, महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र सव्वातीन एकर. एका पिव्हटखालच्या जमिनीत आपल्याकडे तीस-चाळीस खातेदार असतील. प्रत्येक विहिरीवर सरकारी माणूस पाठवणं अशक्य. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ओगालालातलं पाणी हजारो वर्षांत साठलेलं, दक्षिणेत एकदा उपसलं की गेलंच. आपला बहुतांश भाग काळ्या कातळाचा, बेसाल्टचा. त्यात पाणी थोडंच मावतं, पण चांगल्या पावसात बरंचसं पुन्हा भरतं. म्हणून आपल्याला पन्नास वर्षांचं नियोजन नको, दर ऑक्टोबरात त्या वर्षाचा ताळेबंद हवा.

आणि तो कसा मांडायचा हे आपल्याला कुणी परक्यानं शिकवायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. भूमिहीनाला सिंचनाचा हक्क देण्याइतकं धाडस मी नेब्रास्कात पाहिलेलं नाही. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवते, सिंचनासाठी बोअरला बंदी आहे. अशा गावांना आपण पुरस्कार देतो, सहली नेतो आणि तेवढ्यावर सोडून देतो. २००९ च्या भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्राच्या समित्या आहेत, अधिसूचित भागात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, पीक योजनेची तरतूदही आहे. कायदा २०१४ पासून लागू आहे. तुमच्या पाणलोटाची समिती कधी बसली होती, हे एकदा चौकशी करून बघा.

माझी मागणी साधी आहे. एका पाणलोटातल्या सगळ्या विहिरींना मीटर, आकडे शेतकऱ्यांच्या समितीकडे, समितीला कोटा ठरवायचा खराखुरा अधिकार, आणि तिच्या प्रत्येक बैठकीत विद्यापीठाचा एक माणूस. रिकाम्या पदांमुळे विद्यापीठाकडे तेवढी माणसं नसतील, तर आधी ती भरा; नव्या इमारती नंतर.

भावाचे दोन आक्षेप आहेत. पहिला, आज मीटर लावला की उद्या पाणीपट्टी येईल. ही भीती खोटी नाही. पण मीटर आणि पट्टी एकत्र यावीच असा नियम नाही. मीटर हवा तो कोट्यासाठी. दुसरा आक्षेप जास्त टोकदार: "मी लावतो गं मीटर. पण शेजारच्या बागायतदाराच्या सहा विहिरी आणि कारखान्याची डिस्टिलरी, त्यांना कोण लावणार?"

याचं उत्तर कॅन्ससच्या शेरिडन परगण्यात सापडतं. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतः प्रस्ताव दिला, तो २०१३ पासून लागू झाला: पाच वर्षांत मिळून एकरी ५५ इंच, त्यापुढे नाही. एखाद्या कोरड्या वर्षी जास्त घ्या, पुढे भरून काढा. ड्रायस्डेल आणि हेंड्रिक्स यांच्या अभ्यासात पाण्याचा वापर २६ टक्क्यांनी घटलेला दिसला. शेतकऱ्यांनी ते मुख्यतः एकरी पाणी कमी देऊन साधलं, काहींनी मक्याऐवजी ज्वारी घेतली. पण प्रस्ताव शेतकऱ्यांचा असला तरी अंमल ऐच्छिक नव्हता. राज्यानं आदेश काढला आणि आखलेल्या हद्दीतल्या प्रत्येक सिंचन विहिरीला तो बांधला, ज्यांनी विरोध केला त्यांच्याही. हद्दीत एक विहीर आणि दहा विहिरी असणारा, दोघांना एकरी कोटा एकच.