भोपळ्याच्या वजनावर अमर होऊ इच्छिणाऱ्यांस

इतिहासात नाव कोरण्याच्या नेहमीच्या सगळ्या वाटा आता गर्दीने भरून गेल्या आहेत. एव्हरेस्टच्या माथ्याखाली रांग लागते, खाड्या पोहून झाल्या आहेत, आणि काव्यसंग्रह तर ज्याच्या त्याच्या घरी पलंगाखाली गठ्ठ्याने पडलेले असतात. अशा परिस्थितीत ज्यांना नाव तर हवे आहे, पण परसदाराच्या पलीकडे जाण्याची तयारी नाही, अशा सद्गृहस्थांनी व सद्गृहिणींनी भोपळ्याचा गांभीर्याने विचार करावा. शाळेत ज्यांना गणितात भोपळा मिळत असे, त्यांना तर हे फळ अपरिचित नाहीच. फरक इतकाच, की त्या भोपळ्याला काहीच वजन नव्हते आणि सध्याच्या जागतिक विक्रमी भोपळ्याचे वजन १२७८.८ किलो आहे. इंग्लंडमधील लिमिंग्टन गावच्या स्टुअर्ट आणि इयन पेटन या जुळ्या भावांनी तो पिकवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉरग्रेव्ह येथे काट्यावर चढवला. त्याचा घेर सुमारे साडेसहा मीटर भरला. हे बंधू मिसरूड फुटण्याच्या वयापासून, म्हणजे जवळजवळ ५० वर्षे, याच उद्योगात होते. तेव्हा आपण आजच बी पेरले, तर आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत काहीतरी हाती लागण्यास हरकत नाही.

वाट पाहणे अगदीच सोसत नसेल, तर दुसरा एक मार्ग आहे. इतर कोणी प्रयत्न करीत नसतील असा काळ गाठून जन्माला यावे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात गोड्रिच नावाचे गाव आहे. तेथील विल्यम वॉर्नॉक यांनी ही युक्ती उत्तम साधली होती. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोक तोंडाचा आ करून पहिला भलाथोरला फिरता पाळणा पाहत होते, तेव्हा वॉर्नॉक यांचा ३६५ पौंडांचा भोपळाही तेथे मांडलेला होता. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात सरकता पदपथ आला, आणि वॉर्नॉक यांचा ४०० पौंडांचा भोपळा आला. १९०४ साली सेंट लुइसला त्यांनी ४०३ पौंड, म्हणजे सुमारे १८३ किलो गाठले. चार वर्षांत वाढ अवघी तीन पौंडांची; पण या तीन पौंडांनी जे साधले ते भल्याभल्या साम्राज्यांना साधले नाही. पुढची ७२ वर्षे तो आकडा हलला नाही. दोन महायुद्धे झाली, माणूस चंद्रावर जाऊन परत आला, तरी जगातला सर्वांत मोठा भोपळा आपला ४०३ पौंडांचाच. अखेर १९७६ साली पेनसिल्व्हेनियातील बॉब फोर्ड यांनी ४५१ पौंडांचा भोपळा आणून वॉर्नॉक यांना मोकळे केले.

याच सुमारास कॅलिफोर्नियातील हाफ मून बे आणि ओहायोतील सर्कलव्हिल या दोन गावांमध्ये भोपळ्यांची जागतिक राजधानी कोणती, यावरून मानापमान सुरू झाले होते. गावकीचे असे वाद कसे मिटतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे ते मिटत नाहीत, त्यांचा वार्षिक उत्सव होतो. १९७४ साली हाफ मून बेच्या पहिल्या स्पर्धेत जिंकलेला भोपळा १३२ पौंडांचा होता. आज तो घेऊन आपण तेथे गेलात, तर स्वयंसेवक आपल्याला नम्रपणे सजावटीच्या टेबलाकडे पाठवतील.

आता बियाण्याकडे वळू. येथे आपली जन्मजात हुशारी उपयोगी पडेल, कारण बियाणे निवडणे आणि सोयरीक जमवणे ही एकच विद्या आहे. या धंद्याचे मूळपुरुष म्हणजे नोव्हा स्कोशियातील विंडसर गावचे शेतकरी हॉवर्ड डिल. त्यांनी जुन्या मॅमथ जातींचे वर्षानुवर्षे संकर करून ‘अटलांटिक जायंट’ हे वाण तयार केले, १९७९ पासून सलग चार वर्षे जागतिक स्पर्धा जिंकली, आणि १९८१ साली ४९३.५ पौंडांपर्यंत मजल मारली. त्यानंतरच्या प्रत्येक विक्रमी भोपळ्याच्या अंगात डिल यांच्या शेतातले रक्त आहे, असे म्हणण्यास मुळीच हरकत नाही. त्या बियांची कुळी आज जितक्या काटेकोरपणे लिहून ठेवलेली असते, तितकी आपल्याकडे पंड्यांच्या चोपड्यांतच सापडावी. बीच्या नावात आधी ज्या भोपळ्यातून ते निघाले त्याचे वजन, मग पिकवणाऱ्याचे आडनाव, आणि शेवटी साल. ‘२००९ वॉलेस २०१२’ हे नाव वाचून नवखा माणूस दोन सालांमध्ये अडकतो. वस्तुतः २००९ हे पौंड आहेत. त्याखाली आई अमुक, बाप तमुक. पत्रिकेत मंगळ तेवढा पाहायचा राहतो. नामवंत घराण्यातील एकेका बीला लिलावात शेकडो डॉलर मिळतात, तेव्हा पाकीट फोडताना हात थरथरू देऊ नये.

परागीकरणाचे काम मधमाशीवर सोपवू नये. मधमाशी घराणे पाहत नाही, गोत्र विचारत नाही, शेजारच्या काशीफळाच्या फुलातून उठून थेट आपल्या राजकन्येच्या फुलात शिरते. म्हणून आदल्या संध्याकाळीच मादीफूल हेरून ठेवावे. त्याच्या बुडाशी लिंबाएवढे फळ आधीच धरलेले असते, त्यामुळे ओळखायला सोपे. उमलण्याआधी त्याच्या पाकळ्यांचे टोक दोऱ्याने सैलसर बांधावे. पहाटे, माशा उठण्यापूर्वी, दवाने ओल्या झालेल्या वेलात गुडघे टेकून बसावे, ठरलेल्या वेलाची नरफुले खुडून त्यांच्या पाकळ्या सोलून टाकाव्यात, आणि उरलेला पिवळा, भुकटीने माखलेला दांडा मादीफुलातील प्रत्येक पाकळीदार गाठीवर हळुवार फिरवावा. झाले की फूल पुन्हा बांधून टाकावे. हा विधी चालू असताना घरातल्यांनी चहाला हाक मारल्यास उत्तर देऊ नये. घरातले काही दिवसांनी आपोआप हाक मारणे सोडतात.

फळ धरले, की एका वेलावर ते एकच ठेवून बाकीची सगळी खुडून टाकावीत. एकुलत्या एका अपत्यावर सगळी मिळकत लावण्याचा हा प्रयोग मध्यमवर्गीय वाचकास शिकवावा लागणार नाही. वेल जसजसा पसरतो तसतसा प्रत्येक पेरावर मातीने पुरत जावा, म्हणजे पेरापेराला नवी मुळे फुटतात आणि घरातल्या एखाद्या खोलीपेक्षा कितीतरी मोठी जागा व्यापणारा वेल सगळीकडून पोसायला लागतो. मात्र फळाच्या शेजारची मुळे तोडून टाकावीत. भोपळा रोज उंच होतो आणि वेल जमिनीला धरून बसलेला असतो. या ओढाताणीत देठ तुटला तर भ्रमाचा भोपळा फुटणे म्हणजे काय ते प्रत्यक्ष पाहायला मिळते. फळाखाली वाळू घालावी, वर सावलीला कापड बांधावे, नाहीतर साल लवकर कडक होते आणि आतून वाढणाऱ्या गराने तडकते. ऐन भरात हा भोपळा दिवसाला २० किलोहून अधिक वाढतो. म्हणजे आपण रात्री जेवून झोपलात आणि सकाळी उठलात, तेवढ्यात त्याने पहिली-दुसरीतल्या एका पोराएवढे वजन केलेले असते, तेही डबा न घेता. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वेलांचे देठ कापून पाहिले, तेव्हा साध्या भोपळ्यापेक्षा यांच्यात साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांचे प्रमाण पुष्कळ जास्त आढळले. पूर्वी अमेरिकेत भोपळ्याला वातीने दूध पाजण्याची चाल होती. दूध पाजूनही तो दुधी झाला नाही, तेव्हा ते आपणच प्यावे.

वजन रोज करता येत नाही. त्यासाठी टेप घेऊन घेर, आणि वरून आडवे-उभे अशी तीन मापे घ्यावीत, त्यांची बेरीज करून तक्त्यात वजन पाहावे. येथे एक योगायोग नोंदवतो. २००९ साली १७२५ पौंडांचा विक्रम करणाऱ्या ओहायोच्या क्रिस्टी हार्प या गणिताच्या शिक्षिका होत्या, आणि २०१४ साली १०५४ किलोंचा भोपळा जर्मनीत लुडविग्सबुर्गला आणून मेट्रिक टनाचा, म्हणजे १००० किलोंचा, उंबरठा ओलांडणारे स्वित्झर्लंडचे बेनी मायर हिशेबनीस होते. भाजीत रस असलेल्या माणसांनी वेगळे क्षेत्र पाहावे.

टनावरून आठवले. अमेरिकेचा टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा, आखूड असतो. त्यामुळे टनाचा पहिला मान दोन वर्षांत दोनदा मिळवता आला. २०१२ साली ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी मॅसॅच्युसेट्समधील टॉप्सफील्डच्या जत्रेत २००९ पौंड भरवून ‘पहिला एक टन’ केला, आणि लगेच मायर यांनी आपला ‘पहिला एक टन’ केला. मापे सोयीने निवडली, तर कोणीही पहिला येतो, ही गोष्ट नोंदवहीत लिहून ठेवावी. हजार पौंडांचा पहिला मान त्याआधी १९९६ साली न्यू यॉर्क राज्यातील पॉला आणि नेथन झेर या दांपत्याने १०६१ पौंडांनी मिळवला होता. पुढे २०१६ साली बेल्जियमचे माथियास विलेमाइन्स ११९०.५ किलो, २०२१ साली इटलीचे स्तेफानो कुत्रुपी १२२६ किलो. आकडा फुगत जातो आणि आधीच्या वर्षीचा जगज्जेता पुढच्या वर्षी केवळ बियांच्या पाकिटावर उरतो.

स्पर्धेच्या दिवशी आपला भोपळा पट्ट्यांच्या जाळ्यात घालून चेनपुलीने उचलतात. तो जमिनीपासून वीतभर सुटतो त्या क्षणी मालकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो, कारण वर्षभरात त्याने भोपळ्याची ती बाजू पहिल्यांदाच पाहिलेली असते. परीक्षक खाली वाकून पाहतात. आतल्या पोकळीपर्यंत पोहोचलेले भोक किंवा भेग दिसली, मग ती चार आण्याच्या नाण्याएवढी का असेना, तर भोपळा बाद. शंभर दिवस, शेकडो किलो खत, मोडलेला संसार आणि तळाशी एक भोक. रंगाचाही एक पंक्तिप्रपंच आहे. फळ हिरवे किंवा करडे निघाले तर ते भोपळ्यांच्या पंगतीतून उठवून वेगळ्या वर्गात बसवतात. ऱ्होड आयलंडच्याच जो जुट्रास यांनी यावर तोड काढली. नारिंगी भोपळा, हिरवा भोपळा आणि आपल्या दुधीचा भाऊबंद असलेला लांबुडका भोपळा, अशा तिन्ही वर्गांत त्यांनी कधी ना कधी जागतिक विक्रम केला. यांपैकी एकही आपल्याला कुकरमध्ये मावणार नाही.

अर्थव्यवहार मात्र चोख आहे. २०२३ साली मिनेसोटाचे ट्रॅव्हिस गिंगर, जे महाविद्यालयात बागकामच शिकवतात, आपला २७४९ पौंडांचा भोपळा गाडीवर लादून अर्धी अमेरिका ओलांडून हाफ मून बेला गेले. भोपळ्याचे नाव ‘मायकेल जॉर्डन’. बक्षीस ३०,००० डॉलर, म्हणजे किलोला सुमारे २४ डॉलर. आमच्या मंडईत भाजीवाल्या मावशी लाल भोपळ्याची फोड कापताना पाव किलोवर पाच-दहा ग्रॅम अधिक गेले, तरी ‘राहू द्या, ताई’ म्हणतात. त्यांना या दराची कल्पना देऊ नये.

चवीबद्दल विचारू नये. हा भोपळा बहुतांशी पाणी असतो, गर फिक्का आणि दोरेदार. घारगे, भरीत, रायते यांची कल्पना मनातून काढून टाकावी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी मोठे कडू भोपळे पिकवतात, ते वाळवून मिरजेचे कारागीर तंबोरे करतात; पण त्यासाठी भोपळ्याला टणक कवच लागते, आणि आपला हा महाकाय ऑक्टोबरात काट्यावरून उतरल्यापासून सडायला लागलेला असतो. काहींचे नशीब बरे, न्यू यॉर्कच्या वनस्पती उद्यानात हौशी लोकांसाठी मांडले जातात. बाकीच्यांसाठी नौकानयन आहे. डिल यांच्या विंडसर गावात १९९९ साली भोपळे पोखरून त्यांत बसून तळ्यात शर्यत लावण्याची चाल सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑरेगॉनच्या गॅरी क्रिस्टेनसेन यांनी स्वतः पिकवलेल्या १२१४ पौंडांच्या भोपळ्यात बसून कोलंबिया नदीतून ७३.५ किलोमीटर वल्हवत प्रवास केला आणि विक्रम केला. आमची म्हातारी याहून लहान भोपळ्यात बसून, वल्ह्याशिवाय, वाघ-कोल्ह्यांना चकवून लेकीकडून घरी आली होती. तिने वजन करून घेतले नाही, ही तिची चूक.

शेवटी भोपळा फोडावा लागतोच, कारण बिया आत असतात. घरच्या विळीने हे काम होत नाही. विळ्या-भोपळ्याचे सख्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, पण इथे विळीच शरणागती पत्करते. करवत आणावी लागते. गर हाताने कोपरापर्यंत उपसून, बिया धुऊन, जाळीवर पंख्याखाली वाळत घालाव्यात, आणि पाकिटावर आधी वजन, मग आपले आडनाव, मग साल, अशा क्रमाने लिहावे. वजन दोन आकडी भरले असल्यास तेही लिहावे. एप्रिलमध्ये या बियांच्या कडा काचकागदाने घासून त्या कोमट पाण्यात टाकायच्या असतात. तोवर पाकीट घरातल्यांनी भाजी समजून चुलीवर चढवू नये, म्हणून ते स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे.