गढीला वाडा म्हणू नका

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्याच्या रिसेप्शनची पत्रिका आली. व्हिडिओ पत्रिका. सनई, वरून फिरणारा ड्रोन आणि सोनेरी अक्षरांत 'स्थळ : हेरिटेज वाडा'. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा ओळख पटली. अरे, ही तर आमच्या गावची गढी! मी लगेच लिहिलं, "ही गढी आहे, वाडा नाही." मामेभावाचं उत्तर आलं, "एकच की गं ताई." पुढे हसणारे तीन चेहरे.

एकच नाही रे बाबा. सकाळपासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून इथे लिहितेय.

मी सात-आठ वर्षांची असेन. आजीबरोबर गढीच्या दारात गेले होते. दार तेव्हाच मोडून गेलेलं, नुसती चौकट उभी. चौकटीच्या आत एका बाजूला भिंतीत चौकोनी भोक होतं. आजी म्हणाली, "घाल हात." मी घातला. खांद्यापर्यंत गेला तरी बोटांना शेवट लागेना. आत गारवा. पाल असेल म्हणून मी किंचाळले. आजी हसली नाही. म्हणाली, "ह्यात अडसर ऱ्हायचा." अख्ख्या झाडाचा वासा. दिवसा भिंतीच्या पोटात ढकललेला, रात्री ओढून दाराला आडवा.

तर फरक तिथून सुरू होतो. वाडा राहण्यासाठी बांधतात. त्याचं तोंड आतल्या चौकाकडे असतं, भोवती ओसरी, सोपा, माजघर, देवघर, वर माडी, भिंतीत धान्याचं बळद. गढीचं सगळं लक्ष बाहेर. गावातली उंच जागा, खाली दगड, वर पांढऱ्या मातीची हात-दोन हात नव्हे, बैलगाडी चालेल इतकी रुंद भिंत, कोपऱ्यांना बुरूज, आणि बुरुजांत खाली उतरत्या जंग्या, म्हणजे आतल्याची बंदूक बाहेर येईल पण बाहेरच्याला आतलं काही दिसणार नाही. आत पाण्याचा आड हवाच, वेढा पडला तर प्यायचं काय? आणि ह्या सगळ्याच्या पोटात देशमुखांचा किंवा पाटलांचा वाडा. गढीत वाडा असतो. वाड्यात गढी नसते. इतकं सोपं आहे.

गावाची भाषा बघा. वाड्यात जातात, गढीवर चढतात. (हो, 'वाड्यावर या'चं मीम कोणीतरी टाकणारच आहे कमेंटमध्ये. टाका.)

आता पुण्याची मंडळी म्हणतील, शनिवारवाड्याचं काय? त्याला नऊ बुरूज आहेत, दिल्ली दरवाज्याला हत्तीला अडवणारे खिळे आहेत, तरी तो वाडाच. मान्य. पण 1828 च्या आगीत आतला वाडा जळून गेला. आज आपण तिकीट काढून जे बघतो तो बराचसा वाड्याचा कोट आहे, आणि आत हिरवळीत वाड्याची जोती. नाव आतल्याचं राहिलं, उभं बाहेरचं राहिलं. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे आणि त्याच गावात काळा कोटही आहे. तिथल्या लोकांनी दोन शब्द दोन जागी नीट ठेवलेत. वेरूळला जा, तिथले लोक मालोजीराजांची गढीच म्हणतात. मग आपल्यालाच एवढी घाई कसली?

घाई कसली ते मला माहीत आहे. 'वाडा' म्हटलं की पुरणपोळी, झोपाळा, पितळी भांडी, नथीतली बाई. ताटाचे पैसे जास्त लावता येतात. 'गढी' म्हटलं की भीती आठवते. भीतीला कोण बुकिंग करणार?

आजी त्या भोकाची गोष्ट सांगायची. तिला तिच्या सासूने सांगितलेली, सासूला आणखी कोणी. पेंढारी आले की बुरुजावरून नगारा वाजायचा आणि गाव गुरंढोरं सोडून गढीकडे पळायचं. आमचं घर गावाच्या पार कडेला, ओढ्याजवळ. आमची माणसं पोचेपर्यंत अडसर पडलेला. दार ठोठावलं. आतून आवाज आला, "आता न्हाई." त्या रात्री ती सगळी माणसं ओढ्यातल्या कपारीत बसून राहिली. वाचली, म्हणून तर मी हे टाइप करतेय. आजीचं एक वाक्य होतं, "वाड्यात सांगावा घेऊन जायाचं, गढीत जीव घेऊन जायाचं."

हे वाचून देशमुखांवर चिडू नका. मीही लहानपणी चिडले होते. पण आत दोन-तीनशे माणसं कोंडलेली असताना दारामागे उभा असलेला माणूस काय करणार? चारांसाठी दार उघडलं तर सगळे गेले. हे मला पटतं. आवडत नाही, पण पटतं. शिवाय आत घेताना आधी कोणाला, मग कोणाला, आणि कोणाला कधीच नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ते मी वेगळं सांगायला नको.

मात्र पुढचं सांगते. पेंढारी संपले, इंग्रज आले, गढ्या ओस पडल्या. पावसाने भिंती विरघळायला लागल्या. ती पांढरी माती माळवदाला, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छताला उत्तम, पाणी धरत नाही. मग गाव खोरी-टोपली घेऊन गढीवर चढलं. आमच्या आजोबांनीही तीन गाड्या आणल्या. ज्या भिंतीने आमच्या माणसांना बाहेर ठेवलं, तिच्याच मातीखाली माझ्या आईचं बाळंतपण झालं. आजी दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती दाबताना म्हणायची, "ह्या, आली आत." कोण आली, माती की आपण, ते कधी विचारलं नाही.

म्हणजे जरा शांत झाले होते लिहिता लिहिता. मग पुन्हा तो व्हिडिओ लावला. अठराव्या सेकंदाला दाराचा क्लोजअप आहे. त्या भोकात, आमच्या भोकात, निळा एलईडी लावलाय! शेजारी प्लास्टिकची वेल. त्यापुढे नवरा-नवरी हसतायत. बिचाऱ्यांना काय माहीत. भाचा गुणी आहे, त्याच्यावर राग नाहीच.

दुपारी आईला फोन केला. म्हटलं, मी नाही येणार. ती म्हणाली, "वेडी आहेस का? आपली माणसं पहिल्यांदा पत्रिकेने बोलावून त्या दारातून आत चाललीत, आणि तू घरी बसणार?"

जाते आहे. आईला म्हटलं, त्या भोकात हात मात्र घालणार.

ती म्हणाली, "घाल. आधी लाईटचं बटण बंद करायला सांग."