सेलवर चालतो का?

अजून डोकं शांत झालेलं नाही. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. नांदेडच्या एका वाद्यांच्या दुकानात काल माझ्यासाठीचा नवा कीबोर्ड एका पखवाजवाल्या काकांनी पसंत केला, आणि दुकानदारानं त्यावर मान डोलावली.

पियानो-ऑर्गन हल्ली बहुतेक स्टेज कीबोर्डांत चांगलेच असतात. खरा फरक सिंथ इंजिनात, म्हणजे विजेवर नवे आवाज घडवणाऱ्या भागात. स्वीडनच्या नॉर्ड कंपनीच्या २०२३च्या स्टेज ४ला सिंथचे तीन लेअर, म्हणजे एकावर एक वाजणारे थर, २०१७च्या स्टेज ३ला दोन पॅनलवर एकेक. यामाहाच्या वायसीत एफएम आहे, म्हणजे एक लहर दुसरीला इतक्या वेगानं हलवते की घंटेचा टणत्कार निघतो. १९८३च्या डीएक्स७ची ती देणगी. यामाहाच्याच सीकेचा सिंथ मात्र सॅम्पलवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर. आणि दुकानात होता फक्त सीके६१. बाकीचे? "व्हिडिओ दाखवतो ना सर!" म्हणजे लाखांचं इंजिन मी फोनच्या स्पीकरवर पारखायचं, ज्यातून बेस बाहेरच पडत नाही. मराठवाड्यातल्या माणसानं ऐकायलासुद्धा पुण्या-मुंबईचं तिकीट काढायचं.

तरी सीकेचा फिल्टर, म्हणजे आवाज उजळ-मंद करणारं बटण, फिरवत कान देऊन बसलो. काका पखवाजाला शाई भरायला आलेले. लोह्याकडचे.

"कव्हाधरनं बघायलो मास्तर, नुसतं बटन पिरगाळायलात. वाजवा की कायतरी!"

"इंजिन ऐकतोय, काका."

"ह्येचा आवाज खरा हाय का खोटा?"

प्रश्न असा होता की मी विरघळलो. म्हटलं, "काका, सॅम्पल म्हणजे बरणीतलं लोणचं. आवाज आधी भरून ठेवलेला. व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग म्हणजे कैरी चिरण्यापासून सुरुवात. पट्टी दाबली की त्या क्षणी गणित करून लहर तयार."

काकांनी नीट विचार केला. "मंग लोणचंच बरं की. पंगत बसल्यावर कैरी कोन चिरत बसतंय?"

दुकानदार हसला. पोऱ्या हसला. चहावालासुद्धा.

"आन् लाईट गेली तर?"

मी काही बोलायच्या आत पोऱ्यानं सीके उलटा करून खालचं झाकण उघडलं. आठ पेन्सिल सेल बसतात. स्पीकरही आतच. काकांनी त्या खाचांवरून बोट फिरवलं, एखाद्या सवत्स गाईची पाठ थोपटावी तशा मायेनं. "माळेगावच्या जत्रंत ह्येच पायजे. सेल टाका आन् वाजवा!" नॉर्डच्या तीन लेअरांना सेलची खाच नाही, हे ऐकून त्यांना स्वीडनची मनापासून कीव आली.

तसं पाहिलं तर लग्नात माझा स्टिरिओ पॅड, म्हणजे मागं रेंगाळणारा मऊ सूर, साउंडवाला एकाच वायरीनं मोनो करतो, वर एको सोडतो, आणि दहाला स्पीकर बंद. मानधनातला मोठा वाटा आधीच डीजेकडे गेलेला. तिथं फिल्टरच्या रेझोनन्सची चर्चा मी कुणाशी करायची? तरीही इंजिन इंजिनच असतं, हे मी काकांना सांगितलं. ते तोवर शाईचा वास घेत होते.

संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या मालकांचा फोन. दुकानदारानं आधीच बातमी पोचवली होती.

"सेलवाला घे म्हणतेत. घेऊन टाक," ते म्हणाले. "सेलचा खर्च मात्र तुझा तू बघ."