रंगीत सोलर पॅनेलची वीज खरंच निम्मी होते का?

‘सोलर पॅनेल काळंच हवं. काळं तापतं म्हणून वीज बनते. रंग आला की वीज निम्मी. इमारतींना शोभणारी रंगीत पॅनेलं ही निव्वळ धूळफेक.’ अशा आशयाचा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय.

तापल्यामुळे वीज बनते, हे तर साफ उलटं. वीज प्रकाशातून बनते. सेल तापला की उत्पादन घटतं, दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के.

काळा हा मूळ रंगही नाही. सेल ज्याचा बनतो ते नुसतं सिलिकॉन राखाडी, चकचकीत असतं आणि बराच प्रकाश परतवून लावतं. तो आत शिरावा म्हणून वर सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे ७५ नॅनोमीटरचा थर देतात. जुन्या पॅनेलांची निळाई या थराची आहे.

आता ‘निम्मी’. डबा-ब्रश घेऊन पॅनेल रंगवलंत तर बोंबच; पण तसं कोणी करत नाही. काचेवर अतिपातळ थर चढवतात. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तसाच हा प्रकार, रंगद्रव्य कुठेच नाही. थर दृश्य प्रकाशातला एक अरुंद पट्टा तेवढा परतवतो, बाकीचा आत सोडतो. शिवाय आपल्या डोळ्यांची धाव साधारण ७५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशापर्यंत, सिलिकॉनची ११००पर्यंत. मधल्या अवरक्त किरणांना हा थर फारसा अडवत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने मॉर्फो फुलपाखराच्या पंखावरून असा थर बेतला. त्यात सुमारे ९५ टक्के वीज टिकते, असं संस्था सांगते. पांढऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे सगळेच दृश्य रंग परतवावे लागतात, म्हणून घट मोठी.

धूळफेक म्हणणाऱ्यांनी कोपनहेगनची आंतरराष्ट्रीय शाळा बघावी. २०१७ साली उभी राहिलेली ही बंदरालगतची इमारत समुद्री हिरव्या रंगाच्या १२,००० पॅनेलांनी मढवलेली आहे. काच एकाच रंगाची, पण प्रत्येक पॅनेल किंचित वेगळं कललेलं, त्यामुळे भिंत टिकल्यांसारखी लुकलुकते. अंदाजे उत्पादन वर्षाला तीन लाख युनिट, म्हणजे शाळेच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. १२,००० पॅनेलांच्या मानाने आकडा लहान वाटेल, पण पॅनेलं उभ्या भिंतींवर आहेत; दोष रंगाच्या माथी मारू नये.

महाग आहेत, हे मात्र खरं. पण त्या भिंतीला एरवी काच किंवा ग्रॅनाइट लागलंच असतं, तो खर्च आधी वजा करा. आणि गच्चीवर, जिथे कावळ्यांखेरीज कोणी बघत नाही, तिथे खुशाल काळं पॅनेल लावा.